शूऽआजोबांचा चौकोन

टिचकीबाईंना माणसं दिसत नाहीत. म्हणजे डोळे ठणठणीत आहेत, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात. पण पुरुष समोर आला की त्यांना आधी चौकोन दिसतो आणि बाई आली की वर्तुळ. नवरा-बायको म्हणजे मधली आडवी रेघ, पोरं म्हणजे खाली लोंबणाऱ्या रेघा. घराण्यात चालत आलेला आजार ज्याला असेल त्याचा चौकोन काळा, नसेल त्याचा पांढरा. कुणाच्या घरी गेल्या आणि यजमानीणबाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवून "हा आमचा सगळा गोतावळा" म्हटलं, की या विचारतात, "हे डावीकडचे कशाने गेले?"

घराण्यातून उतरणाऱ्या दुर्मीळ आजारांवर संशोधन करणं हे त्यांचं काम. दुर्मीळ म्हणजे किती? तर "आमचं बाळ लाखात एक आहे हो" असं लोक जिथे कौतुकाने म्हणतात, तिथे बाई वही काढतात.

टिचकीबाई हे नाव पडलं एका तपासणीमुळे. एक आजार असा आहे की जरा खट्ट झालं की माणूस नुसता दचकत नाही, ताठ होतो. लाकडासारखा. उभा असेल तर आडवा होतो. हा आजार ओळखायला बाई माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकी टिचकी मारतात. तुम्ही-आम्ही पहिल्या टिचकीला डोळे मिचकावू, तिसरीला म्हणू, "अहो, पुरे की." या आजारातल्या माणसाचं डोकं मात्र दर टिचकीला मागे जातं. सवय म्हणून होतच नाही. "पंधरा वर्षं शिकवली," त्यांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आणि आता लोकांच्या नाकावर टिचक्या मारत हिंडते."

त्यांची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. आत उणे ऐंशीवर गारठलेला आणि त्या दुःखाने दिवसभर कण्हणारा एक फ्रीजर, बोटाएवढ्या नळ्यांच्या जाळ्या, आणि थेंबकाका. थेंबकाका तिथले तंत्रज्ञ. अठ्ठावीस वर्षं थेंबाथेंबाने रक्तातून डीएनए काढतायत, त्यामुळे बोलणंही थेंबाथेंबाने. "बाई." मग थांबतात. "ती नळी." थांबतात. तोवर बाईंचा जीव टांगणीला. "सापडली."

फक्त एकाच प्रसंगी ते धबधब्यासारखे बोलतात. "झाकणंऽऽ! झाकणं लावा रे सगळ्यांनी! बाई उन्हात निघाल्या!"

कारण टिचकीबाई अंधारातून उजेडात आल्या की त्यांना शिंक येते. एक नाही, तीन. आणि त्यातली पहिली अशी, की खालच्या मजल्यावरचा हिशेबनीस आकडा विसरतो. हेही घराण्यातूनच आलेलं. त्यांची आई उन्हात शिंकते, मामा शिंकतो, भाऊ शिंकतो. बाईंनी स्वतःच्या कुटुंबाचा वंशवृक्ष काढून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलाय आणि त्यात स्वतःचं वर्तुळ काळं करून टाकलंय, अगदी प्रामाणिकपणे. थेंबकाकांनी खाली बारीक अक्षरात लिहिलंय: "अंतर ठेवा."

तर एका गुरुवारी एक सूनबाई सात आठवड्यांच्या छकुलीला घेऊन आल्या. छकुली गाढ झोपेत. सूनबाईंच्या डोळ्यांत मात्र झोपेचा पत्ता नाही.

"चमचा पडला तरी ताठ होते हो," त्या म्हणाल्या. "दार आपटलं की श्वास अडकतो, ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणाले फिट्स आहेत. दोन औषधं चालू आहेत. त्यांनी ताठ व्हायची थांबली नाही, उलट दिवसभर नुसती झोपते, दूध ओढत नाही. वजन उतरायला लागलंय."

कागदपत्रांत रक्ताचा अहवाल होता. मेंदूत दचकण्याला एक ब्रेक असतो, तो कसा बनवायचा हे एका जनुकात लिहिलेलं असतं. छकुलीच्या त्या जनुकात एक अक्षर बदललेलं होतं. तेच अक्षर तिच्या बाबाच्या रक्तातही होतं. आणि पुढे अहवालाने हात झटकले होते: "अर्थ अनिश्चित."

बाईंनी छकुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर मोठे सावध गृहस्थ. पाऊस पडतोय का विचारलं तरी "पडत असूही शकतो" म्हणणारे.

"हा फिट्सचा आजार नाही, दचकण्याचा आहे," बाई म्हणाल्या. "औषध वेगळं लागेल."

"असूही शकतो, नसूही शकतो. अक्षर दोघांत आहे म्हणता, पण ते बापलेक आहेत. बापाचं नाक लेकीला येतं, म्हणून नाक हा आजार होत नाही. तिसरा माणूस दाखवा. ज्याच्यात अक्षरही आहे आणि आजारही. लेखी."

"कधीपर्यंत?"

"सोमवारी मी तिसरं औषध सुरू करणार आहे. तोपर्यंत थांबतो."

तिसऱ्या औषधाने ही पोर दूध प्यायला तरी उठेल का? बाईंनी शनिवारी सकाळी पिशवी भरली. कागदावर कामांची यादी लिहिली. एक, वंशवृक्ष. दोन, टिचक्या. तीन, रक्त. असं करत करत सात. सातवं होतं: "बाळ ताठ झालं तर काय करायचं ते घरच्यांना शिकवणे." ही यादी त्या पंधरा वर्षं याच क्रमाने लिहीत आल्या होत्या. आधी चित्र, मग बाकीचं. संशोधकाची खोड, दुसरं काय.

सूनबाईंच्या घराला घंटा नव्हती. दारावर सुबक अक्षरात पाटी होती: "दार वाजवू नये. हाक मारू नये. खिडकीसमोर उभे राहावे. दिसाल." बाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या. दिसल्या. दार उघडलं, तर आत भर अकरा वाजता संध्याकाळ. खिडक्यांना गादीएवढे जाड पडदे, रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून; बाहेर कोण उभं आहे ते दिसायला फक्त बोटभर फट. खुर्च्यांच्या पायांत लोकरीचे मोजे. घड्याळ होतं, पण टिकटिकत नव्हतं. बिचारं मनातल्या मनात चालत होतं.

आणि कोपऱ्यात, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, अशा खुर्चीत आजोबा. छकुलीच्या बाबाचे वडील. चाळीस वर्षं ग्रंथपाल. सगळी गल्ली त्यांना शूऽआजोबा म्हणते, अर्थात मनात.

"बसा," आजोबा हळूच म्हणाले. "खुर्ची उचलून घ्या. ओढू नका."

घरात आणखी तिघं होती: छकुलीचा बाबा, सूनबाईंच्या सासूबाई, आणि मुक्कामाला आलेल्या सूनबाईंच्या आई, म्हणजे या घरच्या विहीणबाई. बाईंनी कागद पसरला, पेन्सिल काढली आणि विचारलं, "घराण्यात असं कुणी दचकणारं?"

झालं. भांडण पेटलं. पण घरात मोठ्याने बोलायची बंदी, त्यामुळे अख्खं भांडण कुजबुजत.

"आमच्याकडे असलं काऽऽही नाही हं," विहीणबाई कुजबुजल्या. "माझे वडील तोफ उडाली तरी झोपायचे."

"तोफ कुणाकडची?" सासूबाई कुजबुजल्या.

"अहो, म्हणायची पद्धत असते!"

"तुमच्या आत्या पाल बघून पडल्या होत्या ना?"

"पालीला कोण पडत नाही?"

"आम्ही नाही पडत. आम्ही झाडू घेतो."

"घ्या, घ्या. झाडू घ्या आणि सगळं आमच्या दारात लोटा!"

"शूऽऽ," आजोबा म्हणाले. दोघी गप्प. पण हातवारे चालूच.

मग टिचक्या. सूनबाईंनी एकदा डोळे मिचकावले, पुढे काही नाही. विहीणबाई डोळे गच्च मिटून, गाल फुगवून बसल्या. "झालं का?" "अजून मारली नाही." टिचकी बसली. "एवढंच? मला वाटलं सुई आहे." पांढरं वर्तुळ. सासूबाई म्हणजे डोंगर. सहा टिचक्या झाल्या, पापणी हलली नाही. "आणखी मारायच्यात? मारा, मला बरं वाटतंय." पांढरं.

बाबाची पाळी आली. टिचकी, डोकं मागे. टिचकी, डोकं मागे. सुतारपक्षी उलटा चालवावा तसा. चौथ्या टिचकीला चष्मा डोक्यावर जाऊन बसला.

"बघाऽऽ!" विहीणबाईंनी कुजबुजत विजयाची आरोळी ठोकली. "तुमच्याकडचं निघालं!"

"त्याला लहानपणापासून गुदगुल्या होतात," सासूबाई म्हणाल्या.

"नाकाला?"

"त्याचं नाक, त्याच्या गुदगुल्या!"

बाईंनी बाबाचा चौकोन काळा केला आणि मान वर केली. आता राहिला एकच चौकोन.

"माझ्या नाकाला हात लावायचा नाही," आजोबा म्हणाले. "संदर्भग्रंथ आहे. हाताळायला मिळत नाही."

"बरं, मग नुसतं रक्त द्या. एकच अक्षर बघायचंय."

"म्हणजे मुद्रणदोष?"

"तसंच म्हणा."

"एकूण अक्षरं किती?"

"तीनशे कोटी."

"आणि मुद्रितं कुणी तपासलीच नाहीत?" आजोबांना खरोखरच धक्का बसलेला दिसला. मग ते पुन्हा ताठ बसले. "मला काही होत नाही. मी जन्मात कधी दचकलेलो नाही. माझा चौकोन पांढरा ठेवा."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. खुर्चीचे मोजे. पडदे. पाटी. भिंतीला लावलेली पाठ. चाळीस वर्षं ग्रंथालयात, जिथे मोठ्याने कुणी शिंकतसुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात तो पांढरा चौकोन कोपऱ्याकोपऱ्याने काळा व्हायला लागला. समोर टेबलाच्या कडेला स्टीलचं ताट होतं. नुसतं बोट लागलं असतं तर... बोट तिथवर गेलंसुद्धा. मग बाईंनी ते बोट दुसऱ्या हाताने पकडून मांडीवर आणून ठेवलं. न विचारता कुणाला दचकवायचं नाही, हा त्यांचा नियम. यादीचा क्रम चुकेल, नियम नाही.

"आजोबा," त्या हळू म्हणाल्या, "सोमवारी हिला तिसरं औषध सुरू होतंय. मग ही आत्ता आहे तेवढीसुद्धा जागी राहणार नाही. तुमचं एक अक्षर मिळालं तर ते थांबेल."

आजोबांनी सूनबाईंच्या खांद्यावर पेंगणाऱ्या नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दार तिकडे आहे."

बाईंनी रागारागाने पिशवी आवरली. यादीतलं सातवं काम तसंच राहिलं, आणि ते राहिलंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. सूनबाई छकुलीला घेऊन पोचवायला निघाल्या. आजोबाही उठले, कारण दार ते दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. लोक आपटतात. त्यांनी कडी सरकवली, दार उघडलं...

आणि बाहेर ऊन. लख्ख. तासभर अंधारात बसलेल्या टिचकीबाईंच्या थेट डोळ्यांत.

नाकात मुंगी चालली. बाईंनी गर्रकन वळून पाहिलं. समोर आजोबा, मागे लादी. नको, नको, नको! त्यांनी नाक चिमटीत धरलं, श्वास कोंडला, बर्फ आठवला, उणे ऐंशीचा फ्रीजर आठवला.

"आऽऽऽऽ..."

"शूऽऽ!" आजोबा म्हणाले.

"...क्छीऽऽऽऽ!"

आजोबा ताठ झाले. हात अंगाला चिकटलेले, डोळे विस्फारलेले. आणि पुस्तकांचं उभं कपाट कलंडावं तसे, एका रेषेत, हुं की चूं न करता ते मागे जायला लागले. बाईंनी पिशवी टाकली आणि सरळ त्यांच्या मागे सूर मारला. धप्प! खाली पायपुसणं, त्यावर टिचकीबाई, त्यावर आजोबा.

"अग्गोबाई!" विहीणबाई विसरून मोठ्याने ओरडल्या.

पण खरा घात पुढेच होता. छकुलीही ताठ झाली होती. मुठी आवळलेल्या, पाय काठीसारखे, श्वास बंद. ओठांची कड निळसर व्हायला लागली. सूनबाई तिला हलवतायत, बाबा फोन शोधतोय, सासूबाई पाणी आणायला धावल्या. काय करायचं ते एकट्या बाईंना ठाऊक, आणि बाईंच्या तोंडात आजोबांचा स्वेटर.

"मुम्मा! मुम्मा तिमा!" खालून आवाज आला.

"काय म्हणतायत?"

"मामा म्हणतायत. त्यांच्या मामाला कळवा!"

एवढ्यात आजोबांचं अंग सैल पडलं. त्यांनी मान उचलली, नातीला पाहिलं, आणि जन्मभर जगाला शूऽ करत आलेला तो माणूस अशा आवाजात ओरडला की पडदे हलले.

"दुमडाऽऽऽ! दुमडा तिला!"

कुणी जागचं हललं नाही. यांना एवढा आवाज आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

आजोबा गुडघ्यांवर रांगत गेले, छकुलीला मांडीवर घेतलं, एका हाताने तिचं डोकं छातीकडे वाकवलं आणि दुसऱ्याने पाय पोटाशी आणले. "पुस्तक मिटतात तसं मिटायचं," ते पुटपुटत होते. "घाई नाही. असं. हळूच. मीट गं, मीट माझे बाई..."

एक. दोन. तीन. छकुलीचं अंग सैलावलं, छाती हलली, आणि तिने असा काही भोंगा लावला की गल्लीतून कुणीतरी विचारलं, "सगळं ठीक ना?"

आजोबा शूऽ म्हणाले नाहीत. भोंगा ऐकत बसले.

"हेच सांगत होते मी," टिचकीबाई विस्कटलेल्या केसांनी उठून बसल्या. "दुमडा तिला. माझ्या यादीत सातवं होतं." त्यांनी तो चुरगळलेला कागद काढला, सातवर काट मारली आणि सगळ्यात वर, एकच्याही डोक्यावर तेच लिहिलं. मग विचारलं, "आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईने." आजोबा खालीच बघत होते. "माझ्यावर. शाळेत पोरं मागून येऊन टाळ्या वाजवायची. मी पडलो की आणखी वाजवायची. ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा वाटलं, सुटलो. इथे टाळ्या नाहीत." त्यांनी नातीची मूठ सोडवून बोट आत दिलं. "वाटलं, माझं नाव न येता डॉक्टर शोधतील."

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "झालं सांगून? सेहेचाळीस वर्षं मी या घरात दर खोलीत जाताना आधी खोकते. मला काय खोकला झालाय?"

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. खुर्च्यांना मोजे कोण विणतं? उंदीर?"

आता विहीणबाईंचं तोंड उघडलं. एवढी आयती संधी, आता त्या काय काय ऐकवणार!

"माझे वडील तोफेला झोपायचे म्हटलं ना," विहीणबाई म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांनी. आम्हीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं."

बाईंचा हात नकळत पेन्सिलीकडे गेला. "केव्हापासून?"

"तुमचं ते चित्र आधी पुरं करा!" दोघी विहिणी एका सुरात म्हणाल्या. मोठ्याने.

आजोबा भिंतीला टेकून बसले, मान वर केली आणि नाक पुढे केलं. "मारा."

"नक्की? विचारून मारते मी."

"आता काय लेखी देऊ?"

"हो," बाईंनी पिशवीतून संमतीपत्र काढलं. आजोबांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, एका स्वल्पविरामावर हरकत घेतली आणि सही केली. टिचकी, डोकं मागे. टिचकी, डोकं मागे. मागे सासूबाईंनी आधीच उशी धरली होती. मग रक्ताची एक नळी.

रविवारी प्रयोगशाळा बंद असते. थेंबकाका आले. सोमवारी सकाळी बाई दारात उभ्या.

"बाई." थांबले. "आजोबांचं." थांबले. "ते अक्षर." थांबले.

"काका, बोला हो!"

"आहे."

सावध डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला, बाईंनी लिहिलेला टिचक्यांचा तपशील तीनदा वाचला. "असूही..." त्यांनी सुरुवात केली. मग समोरच्या सूनबाईंकडे पाहिलं. "आहे," म्हणाले. तिसरं औषध सुरू झालं नाही, आधीची दोन हळूहळू बंद केली आणि दचकण्यावरचं औषध थेंबाथेंबाने चालू झालं. छकुली अजून दचकते, पण पूर्वीइतकी नाही, आणि घरात आता पाच जणांना तिला मिटता येतं. दिवसा ती टक्क जागी असते आणि दूध असं ओढते की सासूबाई म्हणतात, "ही आमच्यावर गेलीय." विहीणबाईंना ते मान्य नाही.

दारावरची पाटी बदलली. आता तिथे आहे: "येण्याआधी खोकावे. आत दचकणारी तीन माणसे राहतात."

महिन्याभराने आजोबा स्वतः प्रयोगशाळेत आले, आपला चौकोन बघायला. भिंतीवर तीन पिढ्या, नावांशिवाय. वर त्यांचा चौकोन, खाली बाबाचा, त्याखाली छकुलीचं वर्तुळ. तिन्ही काळी कुळकुळीत. आजोबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"रेघ जरा वाकडी आलीय," ते म्हणाले. पण बराच वेळ तिथून हलले नाहीत. मग नजर शेजारच्या चित्रावर गेली. "आणि हे कुणाचं घराणं? हे काळं वर्तुळ?"

"माझं," टिचकीबाई म्हणाल्या. त्याच वेळी बाहेर ढग सरकला आणि खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला.

"झाकणंऽऽ!" थेंबकाका ओरडले.

आजोबांनी घाई केली नाही. ते सावकाश जमिनीवर बसले, पाठ भिंतीला लावली, पाय पसरले, चष्मा काढून खिशात ठेवला.

"हं," ते म्हणाले, "आता येऊ द्या."